पडद्यावरचा आकडा आणि जागेवरचा काटा

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी रायगड जिल्ह्यातल्या एका रसायन कारखान्यात मी रात्रपाळीला कंट्रोल रूममध्ये बसलो होतो. एका टाकीची पातळी पडद्यावर ६२ टक्के दिसत होती आणि ती बराच वेळ ६२ टक्केच राहिली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट आज प्लांट किती शांत चालला आहे याचे समाधानच वाटत होते. पहाटे तीनच्या सुमारास फील्डवरचे मामा (वयाने मोठ्या ऑपरेटरांना तिकडे सगळे मामाच म्हणत) दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं लेव्हल किती दाखवतंय? टाकी वाहायला लागलीय." पीएलसी (यंत्रे चालवणारा जागेवरचा नियंत्रक) आणि स्काडाचा (प्लांटचे सारे आकडे पडद्यावर दाखवणाऱ्या प्रणालीचा) संगणक यांच्यातला संपर्क तुटला होता, आणि स्काडाने शेवटचा मिळालेला आकडा तसाच धरून ठेवला होता. वाहून गेले ते नुसते पाणी होते, म्हणून चौकशी एका पानात आटोपली.

२०१० च्या अखेरीस स्टक्सनेट या संगणक विषाणूवरचे तांत्रिक अहवाल वाचायला घेतले तेव्हा पहिल्यांदा आठवली ती हीच रात्र. आमच्याकडे एका सैल झालेल्या केबलमुळे जे घडले होते, तेच इराणमधल्या नतान्झ या अणुकेंद्रात कोणीतरी जाणूनबुजून, दीर्घकाळ खपून, एकेका सेकंदाचा हिशेब करून घडवून आणले होते. संगणकातल्या विषाणूने कारखान्यातली यंत्रे मोडली, एवढीच स्टक्सनेटची ख्याती वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचली. इतकी वर्षे पीएलसीवर काम केल्यानंतर मला मात्र यंत्र मोडण्याची करामत त्या मानाने सोपी वाटते. यंत्र मोडत असताना समोर बसलेल्या माणसाला सारे काही आलबेल दिसत राहील, याची जी तजवीज त्यात केलेली होती, ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

सुरुवात अगदी किरकोळ वाटावी अशी आहे. जून २०१० मध्ये बेलारूसची राजधानी मिन्स्क येथील व्हायरसब्लॉकअडा नावाच्या लहानशा कंपनीकडे इराणमधून तक्रार आली की तिथले संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत आहेत. तिथे काम करणाऱ्या सेर्गेई उलासेन यांनी माग काढला तेव्हा विंडोजमधली एक अशी फट सापडली, जिच्यावर मायक्रोसॉफ्टकडेही तोवर उपाय नव्हता. पेन ड्राइव्ह जोडून त्यातल्या फायलींची यादी नुसती उघडली आणि शॉर्टकटचे चिन्ह पडद्यावर उमटले, की हे प्रकरण संगणकात शिरत असे. कशावर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. त्याच्या ड्रायव्हर फायलींवर रिअलटेक या तैवानी कंपनीची अस्सल डिजिटल सही होती. ती सही रद्द केल्यानंतर जुलैमध्ये आणखी एक फाइल सापडली, तिच्यावर जेमायक्रॉन या दुसऱ्या तैवानी कंपनीची सही निघाली. दोन्ही कंपन्यांची कार्यालये शिन्चू येथील एकाच विज्ञान उद्यानात आहेत, त्यामुळे सह्यांच्या किल्ल्या तिथूनच कोणीतरी लांबवल्या असाव्यात, असा तर्क लढवला गेला. पुढे मोजणी झाली तेव्हा अशा अज्ञात फटी एकूण चार भरल्या. अशी एक फट हाती लागली तरी सायबर गुन्हेगार ती तळहाताच्या फोडासारखी जपतात. इथे कोणीतरी चार एकदम उधळल्या होत्या. (काटेकोरपणे पाहता हा विषाणू नव्हे, आपला आपण पसरणारा 'वर्म' होता, पण मराठीत दोघांनाही विषाणूच म्हटले जाते, म्हणून मीही तेच म्हणतो.)

हा विषाणू संगणकावर सीमेन्सचे स्टेप ७ (पीएलसीचा प्रोग्रॅम लिहिण्याचे सॉफ्टवेअर) किंवा विनसीसी (स्काडाचे सॉफ्टवेअर) आहे का, हे शोधत असे. सीमेन्सचा पीएलसी ज्याने हाताळला आहे त्याला ही नावे घरच्यासारखी असतात, पण संगणक सुरक्षेच्या जगात ती तेव्हा फारशी कोणाला ठाऊक नव्हती. त्यामुळे हा औद्योगिक हेरगिरीचा प्रकार असावा, कोणाच्या तरी कारखान्याची रेसिपी चोरायची असावी, असा आधी समज झाला. सिमँटेक या संगणक सुरक्षा कंपनीतील लिअम ओ मुर्कू, एरिक चिएन आणि निकोलस फालियेर हे त्याचा कोड उलगडत बसले होते. त्याच वेळी हॅम्बर्गमध्ये राल्फ लांगनर यांनी, जे मुळात नियंत्रण प्रणालींतलेच तज्ज्ञ, आपल्या प्रयोगशाळेतल्या पीएलसीवर त्याला सोडून पाहिले. तो काहीच करेना. पीएलसी तपासायचा, हवी ती जुळणी सापडली नाही की गप्प बसायचा. एका विवक्षित कारखान्याखेरीज जगातल्या कोणत्याही कारखान्याशी त्याला कर्तव्य नव्हते. हे लांगनर यांनी सप्टेंबर २०१० मध्ये जाहीरपणे मांडले आणि तिथून चर्चेचा नूर पालटला.

ज्यांनी पीएलसी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लोखंडी पॅनेलचे दार उघडले की आत पट्टीवर ओळीने बसवलेले राखाडी डबे दिसतात, कडेच्या एका डब्यावर हिरवा 'रन' दिवा लागलेला असतो, आणि त्यातून निघालेली जांभळी प्रोफिबस केबल पुढच्या ड्राइव्हकडे, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या उपकरणाकडे, गेलेली असते. मोटर किती वेगाने फिरवायची, झडप केव्हा उघडायची, हे तो डबा ठरवतो. वरच्या मजल्यावरचा संगणक बंद पडला तरी तो आपले काम करतच राहतो. त्यातला प्रोग्रॅम बदलायचा असेल तर इंजिनिअर लॅपटॉप जोडतो, स्टेप ७ उघडतो आणि ब्लॉक (प्रोग्रॅमचा एकेक भाग) खाली पीएलसीत उतरवतो. ओबी१ हा मुख्य ब्लॉक अखंड फिरत असतो आणि ओबी३५ हा ठरावीक काळाने, सहसा दर १०० मिलिसेकंदांनी, चालतो. जे काम वेळेवर झालेच पाहिजे ते आम्ही ओबी३५ मध्ये घालतो. स्टक्सनेट नेमका याच दोन ब्लॉकांच्या डोक्यावर येऊन बसत असे.

आता लॅपटॉप आणि पीएलसी यांच्यातले सारे बोलणे स्टेप ७ मधल्या एका फायलीमार्फत चालते. स्टक्सनेटने त्या फायलीचे नाव बदलून ती बाजूला सारली आणि तिच्या जागी त्याच नावाची आपली फाइल ठेवली. मूळ फायलीत १०९ प्रकारची कामे होती. त्यांतली ९३ ही तोतया फाइल इमानेइतबारे मूळ फायलीकडे पाठवून देई आणि उरलेली १६ तेवढी स्वतः हाताळी. ती १६ म्हणजे ब्लॉक वाचणे, लिहिणे, ब्लॉकांची यादी मागणे. इंजिनिअरने ब्लॉक वर खेचून पाहिला, तर घुसडलेला भाग वगळून त्याला मूळचा स्वच्छ ब्लॉक दाखवला जाई. त्याने संशय येऊन नवा ब्लॉक खाली उतरवला, तर जाताजाता त्यात पुन्हा तोच भाग मिसळला जाई. कोणत्याही गोंधळात आम्ही पहिली गोष्ट करतो ती म्हणजे ऑनलाइन (पीएलसीत चालू असलेल्या) आणि ऑफलाइन (लॅपटॉपवर जपलेल्या) प्रोग्रॅमची तुलना. तिथे ती तुलना तंतोतंत जुळली असती आणि मी तरी लॅपटॉप मिटून, दोष प्रोग्रॅममध्ये नाही असे रजिस्टरमध्ये सही करून लिहिले असते.

नतान्झ हे इस्फहान प्रांतात युरेनियम समृद्धीकरणासाठी बांधलेले केंद्र आहे; तिथली सेंट्रिफ्यूजची मोठी दालने जमिनीखाली आहेत. नैसर्गिक युरेनियममध्ये उपयोगाचे यू-२३५ फक्त ०.७ टक्के असते. ते वाढवण्यासाठी युरेनियम हेक्झाफ्लोराइड वायू उभ्या नळकांड्यांत, म्हणजेच सेंट्रिफ्यूजमध्ये, भरून ती प्रचंड वेगाने फिरवतात. जड रेणू कडेला जातात, हलके मध्याजवळ राहतात आणि ते पुढच्या नळकांड्याकडे सरकवले जातात. नतान्झमधले आयआर-१ हे सेंट्रिफ्यूज मूळच्या युरोपीय आराखड्याचे, जो अब्दुल कादीर खान यांनी नेदरलँड्समधून पाकिस्तानात नेला आणि जो पुढे इराणला मिळाला. हे यंत्र नाजूक आणि सतत बिघडणारे. त्याची ठरलेली वारंवारता १०६४ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला सुमारे ६४ हजार फेरे. त्या वेगाला नळकांड्याची कड आवाजाच्या वेगाच्या जवळपास धावत असते.

आमच्या पंपांचे ड्राइव्ह ५० हर्ट्झपर्यंत चालतात. स्टक्सनेट मात्र ८०७ ते १२१० हर्ट्झ या पट्ट्यात चालणारेच ड्राइव्ह शोधत होता, आणि तेही दोनच कंपन्यांचे: फिनलंडची व्हॅकॉन आणि तेहरानची फरारो पाया. असे किमान ३३ ड्राइव्ह एकत्र सापडले तरच पुढचे पाऊल. ड्राइव्हमधले कोणीही हे वाचून चक्रावून जाईल, कारण हजार हर्ट्झचे तेहतीस ड्राइव्ह एका छपराखाली लागणारे धंदे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. हवी ती जुळणी सापडली की तो सुमारे तेरा दिवस काहीही न करता नुसता पाहत बसे आणि नेहमीचे आकडे टिपून ठेवी. मग एके दिवशी वारंवारता १४१० हर्ट्झवर नेई, फक्त पंधरा मिनिटे, आणि पुन्हा १०६४ वर आणून ठेवी. त्यानंतर सत्तावीस दिवस शांतता. मग वेग २ हर्ट्झपर्यंत उतरवायचा, पन्नास मिनिटे, आणि परत मूळ पदावर. पुन्हा सत्तावीस दिवस शांतता. या हल्ल्याच्या काळात ड्राइव्हकडून येणारे खरे आकडे वर जाऊ दिले जात नसत. वरच्या पडद्याला आधी टिपून ठेवलेले शहाण्यासारखे आकडे पुरवले जात. सिमँटेकच्या मंडळींनी सप्टेंबर २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील परिषदेत याचे प्रात्यक्षिक दाखवले होते. काही सेकंद हवा भरून थांबायला सांगितलेला पंप, त्याला जोडलेला फुगा आणि मध्ये सीमेन्सचा पीएलसी. विषाणू शिरलेल्या पीएलसीने पंप थांबवलाच नाही आणि फुगा श्रोत्यांसमोर फुटला.

हे सारे सॉफ्टवेअरवाल्यांच्या एकट्याच्या बुद्धीचे काम नव्हे. त्यातल्या दुसऱ्या, एस७-४१७ या मोठ्या पीएलसीसाठी लिहिलेल्या भागात लांगनर यांना सहा गटांत प्रत्येकी १६४ अशी मांडणी सापडली. नतान्झमधल्या एका साखळीत त्या वेळी १६४ सेंट्रिफ्यूज असत. ज्याने तो कोड लिहिला त्याच्या टेबलावर प्लांटचे पाइपिंग ड्रॉइंग होते, वायरिंग होते, झडपांची यादी होती. इतकी नीट कागदपत्रे कमिशनिंगच्या (प्लांट पहिल्यांदा चालू करण्याच्या) वेळी आम्हाला आमच्याच प्लांटची कधी मिळाली नाहीत, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. गंमत अशी की काही तपशील इराणने स्वतःच जगाला दाखवले होते. एप्रिल २००८ मध्ये अध्यक्ष महमूद अहमदीनेजाद नतान्झला गेले तेव्हाची छायाचित्रे त्यांच्याच कार्यालयाने प्रसिद्ध केली, आणि त्यांतल्या एकात कंट्रोल रूमचा पडदा इतका स्पष्ट होता की पुढे विश्लेषकांना साखळीची रचना त्यावरून वाचता आली. आजही आपल्याकडे उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचे फोटो स्काडाच्या मोठ्या पडद्यासमोरच काढले जातात, कारण तिथे रंगीत पार्श्वभूमी मिळते.

स्टक्सनेटची याहून जुनी आवृत्तीही होती. सिमँटेकने २०१३ मध्ये तिचा तपशील दिला. ती नोव्हेंबर २००७ पासून अस्तित्वात असल्याचे पुरावे आहेत. ती वेगाला हात लावत नसे, तर ठरावीक झडपा बंद करून साखळीतल्या वायूचा दाब चढू देई. आणि तसे करण्याआधी सेन्सरांचे २१ सेकंदांचे नेहमीचे आकडे ती टिपून घेई व हल्ला संपेपर्यंत तेच २१ सेकंद पुन्हापुन्हा दाखवत राही. माझ्या रात्रपाळीतले ६२ टक्के स्थिर होते, म्हणून निदान लक्षात यायला वाव होता. या एकवीस सेकंदांत आकडे हलत होते, काटा थरथरत होता, जिवंत प्लांटमध्ये जसा थरथरायला हवा तसाच.

पुढे ड्राइव्हला लक्ष्य करणारा विषाणू २००९ च्या जूनमध्ये आणि २०१० च्या मार्च व एप्रिलमध्ये, अशा तीन लाटांत सोडला गेला, आणि त्याची सुरुवातीची लक्ष्ये इराणमधल्या पाच संस्था होत्या. नतान्झचे नेटवर्क बाहेरच्या जगाशी जोडलेले नव्हते. पण जोडलेले नाही म्हणजे कोणी ये-जा करत नाही असे नसते. कंत्राटदार येतो, त्याच्या खिशात पेन ड्राइव्ह असतो, त्याच्या लॅपटॉपवर दहा ठिकाणचे प्रोजेक्ट असतात. विषाणू स्टेप ७ च्या प्रोजेक्ट फायलींतही जाऊन बसत असे, म्हणजे आपल्याच प्रोग्रॅमचा बॅकअप उघडला तरी तो आत. २००९ च्या शेवटापासून २०१० च्या सुरुवातीपर्यंत नतान्झमधून सुमारे हजार सेंट्रिफ्यूज काढले गेले, असा अंदाज वॉशिंग्टनमधल्या एका अभ्यास संस्थेने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांच्या नोंदींवरून बांधला. नोव्हेंबर २०१० मध्ये अहमदीनेजाद यांनी काही सेंट्रिफ्यूजना सॉफ्टवेअरमुळे अडचण आल्याचे मान्य केले. अमेरिका आणि इस्रायल यांनी मिळून हे केले आणि त्या मोहिमेचे सांकेतिक नाव 'ऑलिम्पिक गेम्स' होते, असे वृत्त डेव्हिड सँगर यांनी २०१२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये दिले. दोन्ही सरकारांनी अधिकृतपणे त्याची जबाबदारी कधी घेतली नाही.

त्या वृत्तातला एक तपशील मी आजवर अनेकांना सांगितला आहे. इराणी लोकांचा आपल्या उपकरणांवरचा विश्वास इतका उडाला होता, की त्यांनी प्लांटमध्ये माणसे बसवली आणि डोळ्यांना काय दिसते ते त्यांनी रेडिओवरून वर कळवायचे, अशी व्यवस्था केली. म्हणजे अब्जावधींच्या त्या केंद्रात शेवटी आमच्या मामांचीच नेमणूक करावी लागली.

हजार सेंट्रिफ्यूजचे नुकसान मोठे की लहान, यावर जाणकारांत आजही एकमत नाही. मला ते मोठे वाटत नाही. नतान्झ बंद पडले नाही, आणि नंतरच्या दोनतीन वर्षांत तिथली यंत्रांची संख्या वाढतच गेली. शिवाय विषाणू बाहेर निसटला. सप्टेंबर २०१० च्या अखेरीस सुमारे एक लाख संगणकांवर तो पोहोचला होता. त्यांतले ५८ टक्के इराणमधले, जवळपास १८ टक्के इंडोनेशियातले आणि तिसरा क्रमांक भारताचा, सुमारे १० टक्के. त्या सुमारास मीही आमच्या विभागातले जुने प्रोग्रॅमिंग लॅपटॉप तपासायला काढले आणि एकावर 'एमआरएक्सनेट' या नावाची ड्रायव्हर फाइल निघाली. स्टक्सनेट या नावातला 'नेट' तिथूनच आला आहे. आमच्या कोणत्याही प्लांटला त्याने धक्का लावला नाही. ५० हर्ट्झवर फिरणाऱ्या आमच्या पंपांत त्याला रस नव्हता. २४ जून २०१२ नंतर पसरणे थांबवायचे, अशी सूचनाही त्याच्या कोडमध्ये लिहिलेली होती. त्याच काळात आपल्या इनसॅट-४बी उपग्रहाच्या बिघाडाशी त्याचा संबंध जोडणारी एक अटकळ परदेशी नियतकालिकात छापून आली होती. इस्रोने ती फेटाळली आणि तांत्रिकदृष्ट्याही ती मला तेव्हाच पोकळ वाटली होती.

पाच वर्षांनी युक्रेनमध्ये जे झाले त्यात स्टक्सनेटची नजाकत नव्हती, पण ते अधिक लोकांना भोवले. २३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी इव्हानो-फ्रान्किव्हस्क भागातल्या वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात एका ऑपरेटरच्या समोरचा माउसचा बाण आपोआप सरकू लागला आणि एकेक सबस्टेशनचे ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारे मोठे स्विच) उघडत निघाला. त्याने माउस हलवून पाहिला, पण बाण त्याला जुमानेना. हल्लेखोर काही महिने आधी ईमेलमधल्या वर्डच्या फायलींतून ब्लॅकएनर्जी नावाचा विषाणू घेऊन शिरले होते आणि तेव्हापासून ते तिथले कामकाज पाहत, शिकत होते. त्या दिवशी तीन वितरण कंपन्यांना त्यांनी एकाच वेळी धरले, नियंत्रण कक्षाचा यूपीएस बंद केला, तक्रार केंद्राचे फोन खोट्या कॉल्सनी अडवले, संगणक पुसून टाकले आणि सबस्टेशनांतल्या संपर्काच्या लहान डब्यांचे फर्मवेअर कायमचे बिघडवून ठेवले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. पण सहा तासांच्या आत वीज परत आली, कारण माणसे गाड्या काढून सबस्टेशनांत गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. तिथले जाळे जुने होते, हाताने चालवण्याची सोय अजून शाबूत होती, आणि ती वापरणारी माणसेही निवृत्त झालेली नव्हती. पुढचे काही महिने त्यांना बरेचसे काम तसेच हाताने करावे लागले. वर्षभरानंतर, १७ डिसेंबर २०१६ रोजी, कीव्हच्या उत्तरेकडील ३३० केव्ही सबस्टेशनवर दुसरा हल्ला झाला. त्यातला इंडस्ट्रॉयर नावाचा विषाणू सबस्टेशनांच्या यंत्रांशी त्यांच्याच प्रोटोकॉलमध्ये बोलू शकत होता, माउस ढकलायला माणूस लागत नव्हता. त्या वेळी वीज साधारण तासाभरात आली.

माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत घातक ठरू शकला असता तो ट्रायटन हा विषाणू. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोरसायन कारखान्यात तो सापडला. त्याचे लक्ष्य ट्रायकोनेक्स ही सुरक्षा प्रणाली होती. ती रोजचे उत्पादन चालवत नाही. दाब किंवा तापमान हाताबाहेर गेले तर प्लांट थांबवणे एवढेच तिचे काम. तिला आंधळे करण्याचा एकच उपयोग असू शकतो, आणि तो लिहिण्याची गरज नाही. हल्लेखोरांच्या कोडमध्ये चूक झाली, प्रणालीने स्वतःच प्लांट बंद पाडला आणि त्यामुळे प्रकरण उजेडात आले. त्या कंट्रोलरवर एक खरीखुरी, बोटांनी फिरवायची चावी असते. ती 'रन'वर असेल तर बाहेरून कोणी प्रोग्रॅम बदलू शकत नाही. तिथे ती 'प्रोग्रॅम'वर फिरवून तशीच सोडलेली होती. हे वाचून मी दुसऱ्याच दिवशी आमच्या पॅनेलकडे गेलो. आमचीही चावी 'प्रोग्रॅम'वरच होती, शेवटच्या बदलानंतर कोणी परत फिरवलीच नव्हती, आणि त्या बदलाच्या कागदावर सही माझी होती.

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर दोन प्रसंग आहेत. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्फत सोडलेला नॉटपेट्या हा विषाणू जगभर पसरला आणि मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. तिच्या समूहाकडे असलेले न्हावा शेवा येथील टर्मिनल ठप्प झाले आणि कंटेनरच्या रांगा लागल्या. तो नियंत्रण प्रणालीवरचा हल्ला नव्हता, पण दुसऱ्याच्या युद्धाची झळ उरणच्या रस्त्यावर कशी लागते ते त्यात दिसले. दुसरा प्रसंग १२ ऑक्टोबर २०२० चा, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाण्याची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या तो. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन चौदा ट्रोजन (रूप बदलून शिरणारे घातक प्रोग्रॅम) सापडल्याचे सांगितले, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. ज्या अमेरिकी कंपनीच्या अहवालाने चिनी घुसखोरीची चर्चा सुरू झाली, तिनेही मुंबईच्या घटनेशी संबंध सिद्ध झाल्याचा दावा केला नव्हता. संगणकात काही घुसलेले सापडणे आणि त्यानेच ब्रेकर उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दिवशी कळव्याकडे येणाऱ्या वाहिन्यांत बिघाड होता आणि शहरातली निर्मिती वेळेवर सावरू शकली नाही, एवढे कारण त्या अंधाराला पुरेसे होते, असे मला वाटते. अर्थात पुढच्या वेळी असेच कारण दिले गेले तर मी ते इतक्या सहज स्वीकारीन का, हे सांगता येत नाही.

गेल्या वर्षी एका नव्या प्रकल्पाची ड्रॉइंग तपासायला आली होती. खर्च कमी करण्याच्या यादीत जागेवरचे सव्वीस प्रेशर गेज आणि टाक्यांवरच्या काचेच्या नळ्या लाल रेघेने खोडलेल्या होत्या. शेऱ्यात लिहिले होते, 'ट्रान्समीटर आहे, आवश्यकता नाही.' ट्रान्समीटरचा आकडा पीएलसीतून, मग नेटवर्कमधून, मग स्काडातून माझ्यापर्यंत येतो. गेजचा काटा आणि माझा डोळा यांच्यामध्ये फक्त एक काच असते. दोन बैठका झाल्या आणि सव्वीसपैकी अकरा गेज परत आले. काचेच्या नळ्या मात्र गळतात आणि घाण होतात या कारणाने मिळाल्या नाहीत, म्हणून मुख्य टाकीवर आम्ही जुन्या पद्धतीचे साधन बसवून घेतले, ज्यात आत तरंगणाऱ्या गोळ्याची तार वरच्या चाकावरून बाहेर येते आणि टाकीच्या अंगावर रंगवलेल्या पट्टीवर दर्शक खालीवर सरकतो. उपकरणांची यादी भरणाऱ्या नव्या मुलाने मला विचारले, "सर, याचा स्काडातला टॅग काय लिहू?" याला टॅग नाही, असे सांगितल्यावर तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.